वारा पाठीवर

३ एप्रिल १९८९

आलो एकदाचा. ओमाहाहून निघालो तेव्हा गाडीत कपड्यांच्या दोन पेट्या, कोश-व्याकरणांच्या तीन पेट्या आणि टाइपरायटर होता. वाटेत टपावरची कपड्यांची एक पेटी वाऱ्याने उचलून नेली आणि नेब्रास्का राज्याला अर्पण केली. व्याकरणे सुखरूप आहेत. आता मला थंडी वाजली तरी ती शुद्ध वाजेल.

बिटर फोर्कच्या साप्ताहिकाचा संपादक, वार्ताहर, मुद्रितशोधक आणि झाडूवाला अशी चारही पदे आजपासून माझ्याकडे आहेत. मोठ्या वर्तमानपत्रात वीस वर्षे धान्यबाजाराचे भाव लिहिल्यावर माणसाला कुठल्याही बदलाचे कौतुक वाटते. गावात भाड्याने जागा मिळाली नाही, पण रॉयस टिलॉटसन नावाच्या गुरेवाल्याने आपल्या गड्याची रिकामी झोपडी आपण होऊन देऊ केली. शेगडी आहे, खाट आहे, खिडकीतून अख्खा पहाड दिसतो. गडी मागच्या शरदात काम सोडून गेला म्हणे.

रॉयस उंच, वाळका आणि मितभाषी. चार शब्द बोलला की दमल्यासारखा दिसतो. त्याची बायको व्हर्ना त्याच्या वाटचेही बोलते. तिचा भाऊ डेल्मर इथेच राहतो. पोटाने मोठा, जिभेने त्याहून. पहिल्याच जेवणाला गोमांस, बटाटे, जर्दाळूचा केक, आणि माझी चेष्टा. पेटी उडाल्याचे ऐकून डेल्मर म्हणाला की नेब्रास्कातला एखादा बैल आता माझ्या पाटलोणीत हिंडत असेल आणि माझ्याहून बरा दिसत असेल.

फाटकाजवळच्या कुंपणाला मारलेले कायोटी उलटे टांगले आहेत, धुणे वाळत घालावे तसे. कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून धाकटा आणि दोघांहून चोर असा हा प्राणी. सध्या वासरे जन्मायचे दिवस आहेत, त्यामुळे त्यांची चंगळ आहे. पुंगी वाजवून त्यांना बोलवायला शिकशील का, असे डेल्मरने विचारले. वर्तमानपत्राला मजकूर होईल, म्हणाला. मी तत्काळ हो म्हटले.

७ एप्रिल

विद्यारंभ झाला. ही पुंगी म्हणजे वीतभर लाकडी नळी, आत पितळेचे पाते. मरणाऱ्या सशाचा आवाज काढायचा. आधी जोराची किंकाळी, मग तुटक तुटक, मग हळूहळू विझत जाणारी. मग गप्प बसायचे आणि पुन्हा तेच. ओंजळ उघडमीट करून आवाज दूर-जवळ करायचा. नऊ रसांतला फक्त करुण इथे चालतो, आणि तोही भुकेल्याच्या तोंडाला पाणी सुटेल इतका खरा हवा.

अंगणात बसून मी पहिला ससा मारला. डेल्मरने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि अभिप्राय दिला, "हा ससा मरत नाहीये हो संपादक, निवडणूक हरलाय."

रॉयस हसला नाही. त्याने माझ्या हातातून पुंगी घेतली, एकदाच वाजवली आणि परत दिली. गोठ्यातली मांजर छपरावर चढली. असे वाजवायला काय लागते, असे मी विचारले. ससा ऐकावा लागतो, म्हणाला. मग गोठ्यामागून एक जिवंत ससा कान धरून घेऊन आला आणि त्याचा मागचा पाय चिमट्यात धरला. मी तोंड फिरवले. कान फिरवता येत नाहीत.

संध्याकाळी मला बरेच चांगले वाजवता येऊ लागले. हे लिहायला लाज वाटायला हवी. थोडी वाटते.

११ एप्रिल

पहिली खरी बैठक. नियम तोंडपाठ केले आहेत. वारा तोंडावर हवा, कारण कायोटीला माणसाचा वास आला की खेळ संपला. ऊन पाठीशी हवे. पाठीला झुडूप हवे, म्हणजे आकृती उठून दिसत नाही. हलायचे नाही, हलवायचीच तर बुबुळे.

उजाडता उजाडता सेज नावाच्या खुरट्या माळझुडपात बसलो. पुंगी मी वाजवायची, बंदूक रॉयस आणि डेल्मरने बाजूच्या उंचवट्यावर धरायची. एक कायोटी आला, खरोखर आला, माझ्यापासून वीसेक पावलांवर थांबला. नेमके तेव्हाच नाक खाजले. मी अगदी शास्त्रोक्त सावकाश हात वर नेला. कायोटीने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्याच्या परिचयाचा आहे आणि तो मला याहून बरा समजत होता. मग गेला.

परतताना डेल्मरने गाडीभर तोच विषय चघळला. माझे नाक कापून कुंपणाला टांगावे, म्हणजे पुढच्या वेळी बैठक तरी नीट होईल, असे त्याचे मत पडले. रॉयस म्हणाला की माझा आवाज चांगला आहे. एवढेच. पण दिवसभर मी त्या वाक्यावर जगलो.

१४ एप्रिल

जमले. मादी होती, थेट धावत आली. तोंडात पुंगी असताना काळीज किती जोराने आपटते ते पुंगीतून ऐकू जाईल असे वाटले. रॉयसने एका गोळीत आडवी केली. जवळ गेलो तर सड दुधाने तट्ट. पिल्ले कुठे तरी बिळात असतील, मी म्हणालो. असतील की, डेल्मर म्हणाला, आता ती शोधायचीसुद्धा गरज नाही, चार दिवसांत आपोआप संपतील. आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या थापेचा मला आनंद झाला. जे झाले ते लिहितो.

रात्री झोपण्यापूर्वी या आठवड्याचा स्तंभ टंकून ठेवला. त्यात पिल्लांचा उल्लेख नाही.

१७ एप्रिल

बैठकीची जागा बदलली आहे. आता पहाडाच्या पायथ्याची घळ. खाली ओढा, ओढ्याला वाळुंजाच्या झाडोऱ्याची इतकी दाटी की आत दिवसासुद्धा काळोख. मला दाटीकडे पाठ करून उघड्यावर बसवले. रॉयस-डेल्मर समोरच्या चढावर, दीडशे पावले तरी दूर.

एक बारीकशी शंका मी विचारली. सकाळी वारा माझ्या तोंडावर असतो, तो दुपारी फिरतो आणि पहाडाकडे वाहू लागतो. म्हणजे पाठीवर येतो. घळीत तो समोरच्या चढाला आपटून उलटतो, म्हणजे माझा वास फिरून वाळुंजात जाईल. मग दुपारीच का बसायचे? रॉयस म्हणाला की या घळीत कायोटी वरच्या अंगाने उतरतात, इथला नियम वेगळा. अपवादाशिवाय व्याकरण नसते, हे मला कोणी शिकवायला नको. बसलो. काही आले नाही.

मलाही एक बंदूक द्यावी असे सुचवून पाहिले. डेल्मर म्हणाला, "वाजंत्रीवाल्यानं नवरीला हात लावायचा नसतो."

माझ्या गाडीचा रेडिएटर गळत होता. डेल्मरने तो काढून भेगेवर कथलाची डाक लावायला नेला आहे. तोवर गावात जाणे-येणे त्यांच्या पिकअपमधून. जेवताना व्हर्नाने माझ्या माणसांची चौकशी केली. बायको सोडून गेली, मूल नाही, लिंकनला बहीण आहे, ती नाताळला कार्ड पाठवते. ऐकून तिला वाईट वाटले असावे. तिने मला केकचा आणखी एक तुकडा वाढला.

१९ एप्रिल

व्हर्ना फार माया करते. बूट ओले होतात म्हणून तिने ते रात्री चुलीपाशी घेतले आणि डुकराच्या चरबीने चोळून दिले. कोटाच्या बाह्यासुद्धा. वाटेवर खायला बेकनचे सँडविच, खिशात कोंबून. बैठकीवर निघालेल्या माणसाला खानावळीचा वास यावा हे नियमांत बसत नाही, असे मी विनोदाने म्हटले. ती हसली आणि माझी कॉलर सारखी केली.

दुपारी पुन्हा घळ. पुन्हा वारा पाठीवर. वाजवत असताना मागे वाळुंजात काही तरी मोडले. फांदी. जाड. मी नियमाप्रमाणे हललो नाही. मग वास आला, ओल्या कुत्र्याचा आणि नासक्या मांसाचा मिळून.

उठल्यावर ओढ्याच्या चिखलात पाऊल पाहिले. माझे दोन्ही हात पंजे पसरून त्यात मावले, आणि पुढे नखांच्या खुणा उरल्या. त्यापलीकडे वासराचा एक पाय. नुसता पाय.

रॉयसला सांगितले. तो प्रथमच भरभरून बोलला. पाऊल ताजे होते का, पाणी भरले होते का, नखे कोणत्या दिशेला होती, मी वाजवत असतानाच आवाज आला का, मी थांबल्यावर तोही थांबला का. मी वार्ताहर असून इतके मुद्देसूद प्रश्न मला कधी सुचले नाहीत. ग्रिझली अस्वल आहे ना, मी विचारले. असेल, तो म्हणाला. त्याला मारायला सरकारची बंदी आहे, मी म्हटले.

हो, म्हणाला. बंदी आहे.

२१ एप्रिल

डिझेलची गाडी आली. चालवणारा ओटिस नावाचा लहानखुरा माणूस. झोपडीच्या दाराकडे पाहून म्हणाला की शेगडीचा धूर अजून आतच येतो का. या खाटेवर तो सहा वर्षे झोपला. मागच्या शरदात गेलेला गडी तो हाच.

टाकी भरता भरता गप्पा मारू लागला. पुंगी शिकतोय म्हटल्यावर त्याला हसू आले. मलाही शिकवलेली, म्हणाला. मग विचारले की बसवतात कुठे. मी घळ सांगितली. त्याचे हसू तिथेच राहिले.

"आणि वारा?"

"पाठीवर."

त्याने नळी खाली ठेवली. घराकडे एकदा पाहिले आणि हळू आवाजात, पण सलग सांगितले. तो त्या घळीत वाजवत असता ग्रिझली त्याच्यावर आले होते. पंधरा पावलांवर असताना रॉयसने गोळी घातली. मग सरकारी माणूस आला. माणूस वाचवायला मारले तर कायद्याला चालते. पण वाचवले कोणाला ते दाखवावे लागते.

"जखम दाखव म्हणाला मला. माझ्या अंगावर साधा ओरखडा नाही."

सरकारने टिलॉटसनचे डोंगरातले चराईचे रान निम्मे काढून घेतले. पुन्हा असे घडले तर उरलेलेही जाईल, मग गुरे विकण्यावाचून गत नाही. तीन पिढ्यांचे रान. आणि यंदा दुसरे ग्रिझली उतरले आहे, ते रोज वासरू नेते. रॉयसने ओटिसला कामावरून काढले, पण रागावून नव्हे. तो म्हणाला होता, "चूक माझी. मी घाई केली. पुढच्या वेळी घाई करणार नाही."

मी अजून समजून घेतच होतो, तेवढ्यात व्हर्ना दारात आली आणि तिने ओटिसला जेवायला हाक मारली. तो गेला. त्याच्याच गाडीतून निघावे म्हणून मी कोश-व्याकरणांपैकी एकच पेटी भरून बाहेर आलो तोवर त्याची गाडी फाटकाबाहेर पडली होती.

२२ एप्रिल

रेडिएटर झाला का, विचारले. डाक सुकतेय, डेल्मर म्हणाला. डाक सुकत नाही. ती धातूची असते, थंड होते आणि संपले. हे मलाही कळते.

फोन स्वयंपाकघरात आहे. व्हर्ना दिवसभर स्वयंपाकघरात असते. छापखान्यात फोन करायचा आहे म्हटले. तिने स्वतः क्रमांक फिरवून दिला आणि शेजारी बटाटे सोलत बसली. मी छापखान्याला सांगितले की पहिल्या पानाचा मजकूर उशिरा येईल. आणखी काय सांगणार? माझे यजमान मला —

वाक्य मोठ्याने म्हणून पाहिले. वेड्याचे वाटते. त्यांनी मला काय केले? बूट चोळून दिले.

अंगात कसर आहे, दोन दिवस बैठक नको, असे सांगितले. रॉयसने मान हलवली. घळीच्या बाजूला गिधाडे आहेत. काल रात्री आणखी एक वासरू गेले, अर्धे खाऊन वाळुंजात ओढून ठेवले आहे. म्हणजे अस्वल आता तिथून हलणार नाही. हे मला रॉयसनेच सांगितले, खुशीत.

२३ एप्रिल

व्हर्ना सूप घेऊन आली. खाटेच्या कडेला बसली. मला वाटते ओटिस काय बोलला हे तिला ठाऊक आहे. मी सरळ विचारले, तिने काहीच नाकारले नाही. माझ्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. ताप नव्हता.

"मरायचं नाहीये रे भाऊ तुला," ती म्हणाली. "थोडंसं लागलं पाहिजे, इतकंच. खांद्याला, पाठीला. दिसेलसं. रॉयसचा नेम तू बघितलायस."

मी चमचा वाडग्यात ठेवला.

"आणि मी फोनपाशीच बसणारे. डॉक्टरला आधीच सांगून ठेवते, म्हणजे वेळ जायला नको."

रक्तदानासाठी नावे नोंदवायला यावे तसे बोलत होती. मग तिचे डोळे भरून आले. माझ्यासाठी असेल असे वाटले. ती म्हणाली की तिच्या सासऱ्याला त्या रानात पुरले आहे.

मी नाही म्हणालो. नीट, स्पष्ट, एकदाच. तिने वाडगा उचलला. सूप संपव, म्हणाली, मग वाडगा अजून भरलेला असल्याचे तिच्या लक्षात आल्यासारखे तो परत ठेवून गेली.

उद्या उजाडताच निघतो. चालत. हमरस्ता दिवसभराच्या वाटेवर आहे.

२४ एप्रिल, सकाळ

निघालो होतो. फाटक ओलांडले, टेकडी ओलांडली. मागून पिकअप आली, सावकाश. घाई नाही यांना कशाचीच. डेल्मर उतरला, त्याने दार उघडून धरले.

"बैठकीला निघालात होय संपादक? सांगायचंत तरी. इतकं चालायचं म्हणजे."

दोघांच्या मांडीवर बंदुका. आजूबाजूला जिथवर नजर जाते तिथवर एकही छप्पर नाही. रॉयस म्हणाला की आज झाले की उद्या रेडिएटर लागेल. मला त्याचा विश्वास वाटला. वाटून घेतला.

बसलो आत. कोणी मला हात लावला नाही. मी आपल्या पायांनी चढलो. हे लिहून ठेवले पाहिजे.

२४ एप्रिल, दुपार

घळ. दगडापाशी बसवले. पुंगी हातात दिली. पिकअप चढामागे नेली.

वाजवणार नाही. त्यांना वाटते मी वाजवीन — सवयीने, किंवा रॉयसने चांगले म्हणावे म्हणून. नाही. जो वाजवत नाही त्याच्याकडे काही येत नाही.

वारा फिरला. पाठीवर आला. कोट रात्री कोणी तरी पुन्हा चोळलाय. बाह्या चिकट. कोट काढून फेकला. अंगालाच वास आहे. तीन आठवडे तिच्या हातचे खातोय.

लिहीत राहतो. हात चालू असला की ओरडावेसे वाटत नाही.

पळत नाही. पळणाऱ्याच्या मागे ते येतेच, इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. समोर जावे तर चढ, चढावर ते दोघे. हाका मारल्या. दया नको, फक्त एक गोळी हवेत झाडा — ते जाईल. डेल्मरने टोपी हलवली. ओळखीच्या माणसाला हलवावी तशी.

शांत आहे. मी वाजवत नाही. काही येत नाही.

काही येणार —

ससा ओरडतोय.

मी नाही. पुंगी मांडीवर आहे. मागे. वाळुंजात, अगदी जवळ, माझ्या पाठीमागे — किंकाळी, तुटक, मग विझत — मग पुन्हा तीच, तशीच्या तशी. मधे खरखर. टेप आहे. कॅसेट. आधीच आणून ठेवली — मला कळत होते की मी वाजवणार नाही, त्यांनाही कळत होते —

बंद करायला आत जावे लागेल. आत —

रॉयसचाच आवाज तो. त्याच्यासारखे कोणी —

थांबला ससा. टेप संपली नाही. मधेच थांबला. काही तरी मोडले. प्लास्टिक.

वास.

हलत नाही. बुबुळे फक्त. समोर चढावर दोघे दिसतात. डेल्मरने बंदूक खांद्याला लावलीय. लावलीय, देवा. नळी माझ्या डाव्या अंगाला, जरा मागे, जरा वर — इतकी वर — उभे आहे ते —

श्वास मानेवर. गरम. माझा नाही.

आता मार. आता. डेल्मर आता —

रॉयसने हात पुढे केला. डेल्मरच्या नळीवर ठेवला. दाबतोय खाली. मान हलवतोय. अजून नाही. अजून